डिझेलची मोटार कोणास परवडते?

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली, त्या आठवड्यातील गोष्ट. नववीच्या वर्गात उष्णता व कार्य हा पाठ चालू असता मागील बाकावरून एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, "सर, आमचे बाबा नवी मोटार घेणार आहेत. ती डिझेलची घ्यावी की पेट्रोलची? घरी रोज यावरून वाद होतो." वर्गात हशा पिकला, परंतु मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. मधल्या सुटीत त्यास बोलावून विचारले, तेव्हा कळले की वडील चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत, नऊ वर्षे काटकसर करून काही रक्कम जमविली आहे, आणि मोटारीवर एक लाख अधिक गेले तर थोरल्या बहिणीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी राखलेल्या ठेवीस हात लावावा लागेल. आई म्हणते, ठेव मोडू नये. मामा म्हणतात, डिझेलची गाडी पुढे आपोआप पैसे परत करते. दोघांचेही म्हणणे कानास गोड लागते. मग खरे कोणाचे?

त्या मुलास मी जे उत्तर दिले तेच थोडे विस्ताराने येथे लिहीत आहे. कारण हा प्रश्न एका घरचा नव्हे. आपल्या गावातील पुष्कळ घरांत तो आज ना उद्या उपस्थित होणारा आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करू. जिच्या मागील बाजूस सामानाची निराळी पेटी पुढे आलेली नसते, तर मागचे दार काचेसकट वर उघडते, अशा आखूड बांध्याच्या मोटारीस हॅचबॅक म्हणतात. बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत वळविण्यास आणि थोड्या जागेत उभी करण्यास ती सोयीची. म्हणून शहरात राहणाऱ्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास तीच बहुधा पसंत पडते. आता तिच्या पोटातील एंजिनाकडे वळू.

सायकलीच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हा अनुभव प्रत्येकास आहे. हवा दाबली असता ती तापते, हा सृष्टीचा नियम. याच नियमाचा उपयोग रुडॉल्फ डिझेल नावाच्या एका जर्मन एंजिनियराने केला. त्याचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे झाला. १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्याचे एंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोलच्या एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण साधारणपणे दहापट दाबून त्यास विजेच्या ठिणगीने पेटवितात. डिझेलच्या एंजिनात प्रथम केवळ हवाच आत घेतात व ती सोळा ते वीसपट दाबतात. तीमुळे हवा पाचशे अंशांहून अधिक तापते; मग त्या तप्त हवेत इंधनाची सूक्ष्म फवार सोडताच ते आपोआप पेट घेते. ठिणगीची गरजच राहत नाही.

या एका भेदापासून डिझेलचे सर्व गुण व सर्व दोष उत्पन्न होतात. दाब अधिक, म्हणून त्याच इंधनातून अधिक काम निघते. पेट्रोलच्या एंजिनात गती कमी करावयाची तर हवेची वाटच आवळावी लागते, आणि आवळलेल्या वाटेतून श्वास ओढण्यात त्याची शक्ती फुकट जाते. डिझेलच्या एंजिनात हवा मोकळी येते व केवळ इंधन कमी केले जाते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक दशांश उष्णता अधिक साठविलेली असते. हे झाले गुण. उलट पक्षी, इतका दाब सोसावयाचा म्हणजे एंजिनाचे अवयव जाड व जड हवेत, फवारा सोडणारी यंत्रणा अत्यंत बारीक व महाग, धडधड अधिक, आणि धूर काळा. सारांश, डिझेलचे एंजिन विकत घेताना महाग व चालविताना स्वस्त. व्यापारात जसे भांडवल अधिक घातले तर उलाढालही तशीच मोठी हवी, तसाच हा प्रकार आहे. उलाढाल थोडी असेल तर भांडवल अडकून पडते.

आता आपल्या भागाचा या विषयाशी किती निकट संबंध आहे ते पाहा. सरसेनापती दाभाड्यांच्या या गावी एके काळी घोडे पारखले जात असतील. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र लहान डिझेल मोटारीचा बहुतेक सारा इतिहास आपल्या पंचक्रोशीतच घडला. टाटांची इंडिका १९९८ साली बाजारात आली, ती पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात तयार होत असे. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातील निसान कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री सुटी करून समुद्रमार्गे येथे आणली होती. १,४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल एंजिन असलेल्या त्या गाडीने मध्यम वर्गास प्रथमच स्वस्त दराने धावणारी ऐसपैस मोटार दिली. पुढे रांजणगाव येथे फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात १.३ लिटरचे प्रसिद्ध डिझेल एंजिन होऊ लागले. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला व तेथून पोलो निघाली. आणि खुद्द तळेगावी जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली उघडला. त्यातून निघणाऱ्या शेव्हरोले बीट या छोट्या गाडीस २०११ साली अवघ्या ९३६ घनसेंटिमीटरचे, तीन नळकांड्यांचे डिझेल एंजिन बसविण्यात आले. एवढे लहान डिझेल एंजिन त्या वेळी आपल्या देशातील दुसऱ्या कोणत्याही मोटारीत नव्हते.

त्या काळी डिझेलच्या गाड्यांवर लोकांच्या उड्या का पडत, याचे कारण यंत्रशास्त्रात नसून सरकारी दरपत्रकात होते. पेट्रोलच्या दरावरील सरकारी नियंत्रण २०१० साली उठले. डिझेलवरचे मात्र तसेच राहिले. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरास सुमारे ७३ रुपये तर डिझेल सुमारे ४१ रुपये, असा तब्बल बत्तीस रुपयांचा फरक पडला. अशा वेळी मामांचे म्हणणे शंभर हिश्श्यांनी खरे होते. परंतु १८ ऑक्टोबर २०१४ रोजी डिझेलचे दरही मोकळे झाल्याचे जाहीर झाले, आणि ती दरी हळूहळू बुजत गेली. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा धुराविषयीचा कडक नियम लागू झाला. तो पाळावयाचा तर डिझेलच्या लहान गाडीत महागडी गाळणयंत्रे बसविणे भाग. लहान गाडीस तो खर्च झेपेना. मारुतीने त्याच तारखेपासून डिझेल गाड्यांची विक्री सोडली. पोलोचे डिझेल एंजिनही गेले. २०२५ साली नव्या रूपात आलेली टाटांची अल्ट्रोझ हीच त्या वेळी आपल्या देशात नवी मिळणारी एकमेव डिझेल हॅचबॅक उरली होती; तिचे एंजिन १,४९७ घनसेंटिमीटरचे. एवंच, जेथे दहा-बारा वर्षांपूर्वी डिझेलच्या अनेक गाड्यांतून निवड करावयाची असे, तेथे आता निवड उरली ती मुख्यतः डिझेल घ्यावे की घेऊ नये, एवढीच.

ती निवड अंदाजाने नव्हे, अंकगणिताने करावी. विद्यार्थ्यांनी पाटी-पेन्सिल घेऊन पुढील हिशोब स्वतः करून पाहावा. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. गाडी घेते दिवशी बाजारात जे दर असतील ते त्यांच्या जागी घालावे.

समजा, एकाच प्रकारच्या दोन गाड्या आहेत. पेट्रोलच्या गाडीची किंमत ८ लाख व डिझेलच्या गाडीची ९ लाख ५० हजार. पेट्रोल १०५ रुपये लिटर, आणि शहरातील गर्दीत गाडी लिटरास १५ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९० रुपये लिटर, आणि गाडी १८ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला ५ रुपये. प्रत्येक किलोमीटरमागे २ रुपयांची बचत झाली. जाहिरातीत याहून मोठे आकडे छापलेले असतात. परंतु ते प्रयोगशाळेतील ठराविक चाचणीचे होत. स्टेशन चौकातील गर्दी, चढ, वातानुकूलन आणि मागे बसलेली तीन माणसे यांचा विचार त्यांत नसतो.

आता डिझेलसाठी आधी किती रक्कम जादा मोजली? किमतीतील फरक दीड लाख. पण एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी मोटारीवर एकदाच भरावयाचा वाहनकर पेट्रोलसाठी शेकडा ११ व डिझेलसाठी शेकडा १३ आहे. ८ लाखांवर शेकडा ११ म्हणजे ८८,००० रुपये. साडेनऊ लाखांवर शेकडा १३ म्हणजे १,२३,५०० रुपये. फरक ३५,५०० रुपये. तो दीड लाखात मिळविला म्हणजे एकूण जादा रक्कम १,८५,५०० रुपये होते. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत मात्र आता समता आहे. पूर्वी लहान डिझेल गाडीवर पेट्रोलच्या गाडीपेक्षा शेकडा दोन अधिक उपकर असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठराविक मापाच्या आतील दोन्ही प्रकारच्या लहान गाड्यांवर सारखाच शेकडा १८ कर झाला.

१,८५,५०० रुपयांस दोहोंनी भागा. उत्तर येते ९२,७५०. म्हणजे इतके किलोमीटर गाडी धावल्यानंतर प्रथम डिझेलचा मालक पेट्रोलच्या मालकाच्या बरोबरीस येतो. खरी बचत त्याच्या पुढच्या किलोमीटरपासून सुरू होते.

हे ९२,७५० किलोमीटर केव्हा पुरे होतील, हा आता ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. जो गृहस्थ रोज ६० किलोमीटर जातो व वर्षातील तीनशे दिवस गाडी काढतो, त्याचे वर्षाचे १८,००० किलोमीटर होतात. त्यास पाच वर्षे दोन महिने पुरतात. जो तळेगावाहून चाकणास स्वतःच्या गाडीने ये-जा करतो, त्याचे दिवसाचे सुमारे ४० व वर्षाचे १२,००० किलोमीटर. त्यास पावणेआठ वर्षे लागतात. परंतु ज्याची गाडी शाळा, मंडई व स्टेशन एवढ्यापुरतीच निघते आणि वर्षाकाठी ६,००० किलोमीटर धावते, त्यास साडेपंधरा वर्षे लागतील. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. अर्थात गाडीचे आयुष्य सरत येईल तेव्हा कोठे तो बरोबरीस पोहोचेल!

याहून एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हीच १,८५,५०० रुपयांची रक्कम शेकडा ६ व्याजाने पेढीत ठेवली तर वर्षास ११,१३० रुपये व्याज येते. आणि वर्षाला ६,००० किलोमीटर धावणाऱ्या डिझेल गाडीची बचत किती? १२,००० रुपये. दोन्हींत अवघा आठशे-नऊशेचा फरक. आणि तोही डिझेल एंजिनाच्या जादा दुरुस्तीखर्चात सहज बुडून जातो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच व्यवहार.

पैशांचा विचार झाला; आता यंत्राच्या प्रकृतीचा विचार करू. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती भरली म्हणजे गाडी आपल्या आपण ती काजळी जाळून टाकते. परंतु त्यासाठी नळी सुमारे सहाशे अंश तापावी लागते, आणि ती तशी तापण्यास गाडी काही वेळ सलग व वेगाने धावावी लागते. घरापासून शाळा दीड किलोमीटर, तेथून बाजार एक किलोमीटर, पुन्हा घर — अशा तुटक फेऱ्यांत नळी तापतच नाही. काजळी साचत जाते, इशाऱ्याचा दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढे भारी खर्च उद्भवतो. डिझेलची गाडी आहे आणि फिरणे मात्र गावातल्या गावातच, अशा मालकाने आठवड्यातून एकदा तरी तिला लोणावळ्याच्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटे मोकळी पळवावी, हे उत्तम. परंतु पैसे वाचविण्यासाठी घेतलेल्या गाडीस तिच्या आरोग्यासाठी फिरावयास न्यावे लागणे यातील विनोद वाचकांस कळेलच.

धुराविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नव्या गाड्यांचा धूर जुन्यांहून पुष्कळ स्वच्छ असतो, हे खरे. तथापि गाळणी चांगल्या स्थितीत असेल तोवरच. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी एंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या वाहनांच्या धुराच्या नळ्या नेमक्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या तोंडाच्या उंचीवर असतात. गाडी कोणत्याही इंधनाची असो, पालकांनी तेथे एंजिन बंद करावे, एवढी विनंती या निमित्ताने करतो.

अशा रीतीने डिझेल सर्वथा त्याज्य आहे असे मात्र कोणी समजू नये. भाजी, औषधे किंवा यंत्रांचे सुटे भाग घेऊन रोज पुणे, चाकण, राजगुरुनगर असा फेरा करणाऱ्यास आजही ते उपयुक्त आहे. कमी वेगातही त्याचा ओढ जबर असल्यामुळे माणसांनी व सामानाने भरलेली गाडी घाट सहज चढते. ज्याचे काम मध्यम आहे, त्याने कारखान्यातूनच सीएनजीची टाकी बसवून येणाऱ्या गाडीचाही हिशोब करून पाहावा. सामानाची जागा थोडी कमी होते व भरणा केंद्रावर रांगेत उभे राहावे लागते, पण किलोमीटरचा खर्च उतरतो.

गाडी पाहावयास जाताना काय पारखावे, तेही थोडक्यात सांगतो. दुकानातील मोकळ्या रस्त्यावरची फेरी पुरेशी नव्हे. घरातील सर्व माणसे बसवून, गर्दीच्या वेळी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवून पाहावी. क्लच वारंवार दाबून पाय दुखतो का, आजीस चढता-उतरता येते का, हे तेव्हाच कळते. किंमत विचारताना विमा, कर व नोंदणीसह रस्त्यावर येईपर्यंतची रक्कम लेखी मागावी. अपघातात बचाव करणाऱ्या सोयींत काटकसर करू नये. ती संगीत वाजविणाऱ्या यंत्रात खुशाल करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीचे केंद्र व सुटे भाग जवळ मिळतात का, व ते पुढील दहा वर्षे मिळत राहतील का, याची चौकशी करावी.

या शेवटच्या गोष्टीचा धडा आपल्या गावानेच सर्वांस दिला आहे. आपल्या डोळ्यांदेखत तयार होते ती गाडी कधी परकी होणार नाही, असे येथे पुष्कळांस वाटले असेल. परंतु मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतातील विक्री त्या वर्षअखेर थांबविण्याचे जाहीर केले. परदेशी पाठविण्याच्या गाड्या आणखी काही काळ येथे होत राहिल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखाना बंद झाला. ज्यांची विक्री थांबली अशा गाडीस पुढे दुसरा गिऱ्हाईक सहसा बरा भाव देत नाही. पण गाडीच्या मालकाचे नुकसान ते किती? ज्या हातांनी त्या गाड्या जोडल्या, त्या कामगारांच्या घरी आलेली काळजी त्याहून कितीतरी मोठी होती. आपल्या वर्गांतील काही मुलांच्या घरांनी ती प्रत्यक्ष अनुभवली आहे. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाई कंपनीने तो कारखाना घेण्याचा करार केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आलेली नवी व्हेन्यू गाडी तेथे तयार होऊ लागली. चाके पुन्हा फिरू लागली, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र नावाच्या मोठेपणावर विसंबून मोठी खरेदी करू नये, हा धडा विसरता कामा नये.

आता त्या विद्यार्थ्याच्या घरी काय झाले ते सांगून पुरे करतो. मी त्यास एक वही करावयास सांगितली. महिनाभर घरातील प्रत्येकाने आपण कोठे कोठे गेलो आणि गाडी असती तर किती किलोमीटर झाले असते, ते रोज रात्री तीत लिहावयाचे. वडील कारखान्याच्या बसने जातात, म्हणून त्यांचे रोजचे जाणे त्यात धरले नाही. महिनाअखेर बेरीज झाली ४८० किलोमीटर, त्यातही दोनदा पुण्यास जाऊन आल्याचा आकडा मोठा. वर्षाचे सहा हजारही भरेनात. मामांचीही वही त्याने आग्रहाने करविली. त्यांचे एका महिन्यात सतराशेच्या वर भरले. तेव्हा मामांचे म्हणणे मामांच्या घरी खरे आणि आईचे म्हणणे आईच्या घरी खरे, असा निवाडा झाला, व वाद मिटला. बहिणीची ठेव मोडली नाही.

याच तळेगावी १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो लोकांकडून एकेक पैसा जमवून. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपल्या गावास निराळे शिकवावयास नको. मात्र ते तळे साचवावयास जी वर्षे लागली, त्यांची आठवण ठेवून, बांध फोडण्यापूर्वी एक महिना वही लिहावी, इतकेच माझे सांगणे आहे.